दहा आज्ञा : पावित्र्य कोणाचे, पाप कोणाविरुद्ध?

ख्रिस्ती धर्मातील दहा आज्ञा आणि बौद्धांचे पंचशील यांची सांगड घालण्याची प्रथा आपल्या व्याख्यानांतून व पुस्तिकांतून चांगलीच रुळली आहे. त्यांच्या दहा, आपल्या पाच, असे म्हटले की वक्त्याचे काम सोपे होते. हत्या, चोरी, व्यभिचार आणि असत्य यांचा निषेध दोन्हीकडे आढळतो. मद्यपानाचा निषेध दहा आज्ञांत नाही. उरलेल्या आज्ञांपैकी बहुतेक ईश्वरविषयक असल्यामुळे आपल्या उपयोगाच्या नाहीत. एवढ्यावर तुलना संपते. अशी तुलना आम्हीही एके काळी केलेली आहे, तेव्हा तिच्यातील दोष दाखविण्याचा अधिकार आम्हांस पोचतो. ती ख्रिस्ती परंपरेवर अन्याय करते, कारण दहा आज्ञा त्या परंपरेत केवळ नीतिनियमांची यादी म्हणून कधीच वाचल्या गेल्या नाहीत. ईश्वराचे पावित्र्य आणि मनुष्याचे पाप या दोन कल्पनांचा तो पाया आहे. आणि ती आपल्या शिलावरही अन्याय करते, कारण नकळत त्याला आज्ञेच्या साच्यात बसविते. तेव्हा आधी आज्ञांचा ग्रंथच नीट वाचला पाहिजे.

दहा आज्ञा जुन्या करारात दोन ठिकाणी येतात : 'निर्गम' या ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात आणि 'अनुवाद' या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात. मूळ हिब्रू ग्रंथ त्यांना नाव देतो ते 'आज्ञा' असे नाही. 'दहा शब्द' अथवा 'दहा वचने' असा तेथे प्रयोग आहे, आणि ग्रीकमार्गे युरोपीय भाषांत गेलेला 'डेकालॉग' हा शब्दही तोच अर्थ सांगतो. वचने दहा आहेत याविषयी मतभेद नाही. ती मोजावी कशी याविषयी मात्र आहे. रोमन कॅथलिक आणि ल्यूथरपंथीय हे ऑगस्टीनच्या गणनेस अनुसरून मूर्तिनिषेध पहिल्या आज्ञेतच सामावून घेतात व लोभाच्या निषेधाचे दोन भाग करतात. कॅल्व्हिनच्या परंपरेतील पंथ मूर्तिनिषेध स्वतंत्र मोजतात. त्यामुळे 'सहावी आज्ञा' म्हणताच एका ख्रिस्ती गृहस्थास हत्या आठवते, तर दुसऱ्यास व्यभिचार. यहुदी परंपरेची गणना याहून निराळी, आणि आमच्या मते सर्वांत अर्थपूर्ण आहे. मिसर देशाच्या दास्यातून तुला बाहेर काढणारा तो मी, अशा आशयाचे जे प्रास्ताविक वाक्य आहे तेच ती पहिले वचन मानते. म्हणजे आरंभी आज्ञा नसून मुक्तीचे स्मरण आहे. विटा थापणाऱ्या गुलामांच्या टोळीला आधी सोडविले गेले आणि नियम मागाहून आले. ज्या वाचकांच्या आजोबा-पणजोबांनी वेठबिगार केली आहे, त्यांनी हे वाक्य घाईने ओलांडू नये.

आता पावित्र्याकडे वळू. मराठी बायबलात ज्यासाठी 'पवित्र' हा शब्द येतो तो हिब्रू शब्द आहे 'कादोश'. त्याचा मूळ अर्थ वेगळे राखलेले, सामान्य व्यवहारातून काढून घेतलेले असा सांगितला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सेरामपूरच्या मिशनऱ्यांनी बायबल मराठीत आणण्यास प्रारंभ केला, तेव्हा 'पवित्र', 'पाप', 'परमेश्वर' हे शब्द त्यांना तयारच मिळाले; पण ते शब्द मोकळे नव्हते. मराठी माणसाच्या कानी 'पवित्र' शब्द पडताच त्याच्यामागे सोवळे येते, पाणवठा येतो, सावली येते. शब्दाने आपल्यासोबत केवढे ओझे आणले, याचा विचार भाषांतराच्या इतिहासकारांनी अजून पुरेसा केलेला नाही.

बायबलमध्ये सर्वप्रथम पवित्र ठरते ते काय? डोंगर नव्हे, नदी नव्हे, एखादा वंशही नव्हे. 'उत्पत्ती'च्या दुसऱ्या अध्यायात ईश्वर एका दिवसास पवित्र करतो. अब्राहम जोशुआ हेशेल या यहुदी विचारवंताने शब्बाथावरील आपल्या १९५१ सालच्या ग्रंथात या गोष्टीवर मोठा भर दिला आहे, आणि तो योग्यच आहे. दहा वचनांत पावित्र्याचा स्पष्ट उल्लेख येतो तोही याच दिवसाच्या संदर्भात. या वचनाचे कारण मात्र दोन ठिकाणी दोन प्रकारे दिले आहे. 'निर्गम'मध्ये कारण असे की ईश्वराने सहा दिवसांत सृष्टी केली व सातव्या दिवशी विसावा घेतला. 'अनुवाद'मध्ये सृष्टीचा उल्लेख नाही. तेथे कारण असे की तू स्वतः मिसरात दास होतास, म्हणून तुझ्या दासास, दासीस, बैलास, गाढवास आणि तुझ्या गावी राहणाऱ्या परक्यासही तुझ्यासारखाच विसावा मिळाला पाहिजे. एकाच वचनाच्या या दोन पाठांत पावित्र्याच्या दोन कल्पना शेजारी शेजारी उभ्या आहेत. एकीत दिवस पवित्र आहे, कारण तो ईश्वराचा आहे. दुसरीत तो पवित्र आहे, कारण त्या दिवशी गुलामाची पाठ टेकते.

हे द्वैत पुढे सुटत नाही, उलट वाढते. 'लेवीय' ग्रंथाचा एकोणिसावा अध्याय पावित्र्याचा अध्याय म्हणून ख्यात आहे. मी पवित्र आहे म्हणून तुम्हीही पवित्र व्हा, असा त्याचा आरंभ आहे. या आरंभानंतर एखाद्या बौद्ध वाचकास वाटेल की आता होमहवन आणि शुद्धीकर्मे येणार. ती थोडीबहुत येतातही. पण अध्यायाचा मोठा भाग वेगळाच आहे. शेताच्या कडेचे पीक कापू नये, पडलेली कणसे वेचू नयेत, ती गरिबासाठी व परक्यासाठी सोडावीत. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये. बहिऱ्यास शिव्याशाप देऊ नयेत, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये. वजनमापे खरी ठेवावीत. शेजाऱ्यावर स्वतःप्रमाणे प्रीती करण्याचे वचन, ज्याला येशूने पुढे सर्व धर्मशास्त्राच्या दोन आधारांपैकी एक म्हटले, तेही याच अध्यायातले आहे. पावित्र्याचा इतका रोकडा, इतका शेतावरचा अर्थ धर्मग्रंथांत क्वचितच मिळतो, हे आम्ही मोकळेपणाने नमूद करतो.

परंतु वाचन तेथेच थांबविता येत नाही. अवघ्या दोन अध्यायांनंतर, एकविसाव्या अध्यायात, तोच ग्रंथ सांगतो की याजकवंशातील पुरुष आंधळा, लंगडा, कुबडा अथवा अन्य कोणत्याही व्यंगाचा असेल, तर त्याने वेदीजवळ अर्पण करण्यास जाऊ नये, कारण त्यामुळे पवित्रस्थान भ्रष्ट होईल. आणि पंचविसाव्या अध्यायात इस्राएली बांधवास दास करून राबवू नये असे सांगितल्यावर, भोवतालच्या परकीयांतून मात्र कायमचे दास विकत घेण्यास आणि ते मुलाबाळांस वारसा म्हणून ठेवण्यास मुभा दिली आहे. ज्या आंधळ्याच्या वाटेतील दगड उचलण्यास पावित्र्य म्हटले, त्याच आंधळ्यास पावित्र्याच्या नावाने वेदीपासून दूर ठेवले. भक्तीचा अधिकार आणि प्रवेशाचा अधिकार यांतील हे अंतर आम्हांस परके नाही. काळाराम मंदिराच्या दाराशी १९३० साली उभे राहिलेल्यांची आम्ही मुले-नातवंडे आहोत. पावित्र्य जोवर 'वेगळे राखणे' या मूळ अर्थाशी बांधलेले आहे, तोवर कोणाला तरी बाहेर ठेवल्याशिवाय ते सिद्ध होत नाही. येशूने हा भेद ओळखला होता. बाहेरून आत जाणारे अन्न मनुष्यास विटाळवीत नाही, अंतःकरणातून बाहेर पडणारे दुष्ट विचारच त्यास विटाळवितात, हा त्याचा उपदेश मार्काच्या सातव्या अध्यायात आहे. मज्झिमनिकायातील वत्थूपम सुत्तात सुंदरिक भारद्वाज ब्राह्मणास बाहुका नदीच्या स्नानाविषयी भगवंतांनी जे सांगितले, त्याच्याशी तो मिळताजुळता आहे. येथे तुलना खरोखर फलदायी आहे. तरी आमचे वक्ते ती क्वचितच करतात.

पावित्र्याची बाजू पाहिली; आता पापाची. हिब्रूत पापासाठी तीन शब्द प्रमुख आहेत. पहिल्याचा धात्वर्थ नेम चुकणे. 'शास्ते' या ग्रंथात केसावर गोफण मारूनही नेम न चुकणाऱ्या डावखुऱ्या योद्ध्यांचे वर्णन आहे, तेथे हेच क्रियापद आहे. दुसऱ्याचा अर्थ वाकडेपणा आणि त्या वाकडेपणाचे अंगावर राहिलेले ओझे. तिसऱ्याचा अर्थ बंड, धन्याशी केलेला करारभंग. तिन्ही शब्द एक्कावन्नाव्या स्तोत्रात एकत्र येतात. हे स्तोत्र परंपरेने दावीद राजाचे मानले जाते आणि ख्रिस्ती पश्चात्तापाचा तो आदर्श नमुना समजला जातो. त्याची पार्श्वभूमी 'शमुवेल' ग्रंथाच्या दुसऱ्या भागात आहे. सैन्य रणांगणावर असताना राजा यरुशलेमेत राहिला. त्याने बथशेबेस पाहिले, बोलावून घेतले. ती उरीया नावाच्या त्याच्याच सैनिकाची पत्नी. उरीया हित्ती होता, म्हणजे परक्या वंशाचा. ती गरोदर असल्याचे कळताच राजाने उरीयास माघारी बोलाविले. साथीदार उघड्यावर तळ ठोकून असता आपण घरी जाऊन निजणे त्याने नाकारले. तेव्हा त्यास घोर लढाईच्या तोंडी उभे करून एकटे सोडावे, असे पत्र राजाने सेनापतीस लिहिले आणि ते पत्र उरीयाच्याच हाती देऊन पाठविले. उरीया मेला. लोभ, व्यभिचार, हत्या : दहापैकी तीन आज्ञा एका प्रकरणात मोडल्या.

या प्रसंगाशी जोडलेल्या त्या स्तोत्रात पश्चात्तापी मनुष्य ईश्वरास म्हणतो की मी केवळ तुझ्याविरुद्ध, एकट्या तुझ्याविरुद्ध पाप केले. भाष्यकारांनी या उद्गाराचे अनेक प्रकारे समर्थन केले आहे. राजावर मनुष्यन्यायालय नाही म्हणून तो असे म्हणतो, किंवा प्रत्येक अपराधाचा शेवट ईश्वरद्रोहात होतो म्हणून म्हणतो. ही समर्थने आम्ही वाचली आहेत. तरीही आमचा प्रश्न शिल्लक राहतो : उरीया कोठे आहे? शीर्षकात बथशेबेचे नाव आहे. संपूर्ण स्तोत्रात उरीयाचे नाव नाही. पाप म्हणजे पवित्र ईश्वराविरुद्ध केलेले बंड अशी व्याख्या एकदा स्वीकारली, की ज्याचा प्राण गेला तो मनुष्य त्या बंडाचा केवळ प्रसंग ठरतो. आणि क्षमा देणारा जर वर असेल, तर खाली कोणाकडे जाण्याचे कारण उरत नाही. भरीस भर म्हणजे कथेत शिक्षा भोगतो तो दाविदाचा नवजात मुलगा. पित्याच्या अपराधाचे पारिपत्य तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत करणारा ईश्वर मूर्तिनिषेधाच्या वचनातच आलेला आहे. पुढे यहेज्केल या संदेष्ट्याने अठराव्या अध्यायात हा पिढीजात दोष स्पष्ट शब्दांत नाकारला, हे त्या परंपरेचे भूषणच आहे. जन्माने चिकटणाऱ्या दोषाचा अर्थ काय असतो हे आम्ही भोगले आहे. कर्मसिद्धान्ताच्या नावाने तोच दोष आमच्या माथी मारला गेला, म्हणून बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माची ती मांडणी टाकून दिली.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की बायबलात उरीया पूर्णपणे विसरला गेलेला नाही. नाथान संदेष्टा राजापुढे जातो तो ईश्वराच्या गौरवाची भाषा करीत नाही. एका गरिबाची एकुलती एक मेंढी श्रीमंताने हिरावल्याची कथा तो सांगतो, आणि राजाचा क्रोध चढल्यावर तो मनुष्य तूच, असे बजावतो. येशू म्हणतो की वेदीपुढे दान ठेवताना तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट कर. मिश्ना या यहुदी संहितेत प्रायश्चित्तदिनाविषयी असा निर्णय आहे की मनुष्यामनुष्यांतील अपराधांचे क्षालन, ज्याचा अपराध केला त्याचे समाधान केल्यावाचून, त्या दिवसाने होत नाही. आणि मत्तयाच्या पहिल्याच अध्यायात, येशूच्या वंशावळीत, शलमोनाची आई तिच्या स्वतःच्या नावाने येत नाही. उरीयाची पत्नी म्हणून येते. वंशावळ लिहिणाऱ्याने त्या मृत सैनिकाचे नाव राजवंशाच्या मध्यभागी कोरून ठेवले आहे. आम्हांस तो एक उल्लेख पुष्कळ प्रवचनांहून मोलाचा वाटतो.

याच्या शेजारी आमच्या साहित्यातील एक राजा ठेवून पाहू. दीघनिकायातील सामञ्ञफल सुत्तात मगधाचा राजा अजातसत्तू पौर्णिमेच्या रात्री जीवकाच्या आम्रवनात भगवंतांकडे येतो. उपदेश संपल्यावर आपला 'अच्चय', म्हणजे मर्यादा ओलांडून केलेला अपराध, तो कबूल करतो. आणि कबुलीत आपण कोणाचा प्राण घेतला हे सांगतो : आपल्या पित्याचा, धार्मिक अशा धम्मराजाचा. भगवंत कबुली स्वीकारतात. अपराध अपराध म्हणून ओळखणे आणि पुढे संयम ठेवणे हीच आर्यविनयात वृद्धी, असे सांगतात. क्षमेने कृत्य पुसले गेले, असे ते म्हणत नाहीत. राजा गेल्यावर भिक्खूंना ते सांगतात की पितृहत्या केली नसती, तर या आसनावरच याला धम्मचक्षू लाभला असता. पालि साहित्यातही 'पाप' हा शब्द आहे, धम्मपदाचा नववा वग्गच पापवग्ग आहे; पण तेथे ते अकुशलाचे दुसरे नाव आहे, कोणा स्वामीच्या इच्छेचा भंग नव्हे. आता आपल्या वाचकांपैकी काहींना वाटेल की येथे आम्ही जिंकलो. तसे म्हणण्यास आम्ही तयार नाही. अजातसत्तूने पित्याचा उल्लेख केला हे खरे. पण त्या सुत्तातही बिंबिसारासाठी काही केले जात नाही. सारा प्रश्न अजातसत्तूच्या हानीचा आहे.

ख्रिस्ती विचारात आज्ञांचे पुढे काय झाले, ते थोडक्यात पाहू. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौलाने दहांपैकी लोभाची आज्ञाच उदाहरणादाखल निवडली, कारण इतर आज्ञा देहाने मोडता येतात, ही मनानेच मोडते. लोभ करू नको असे नियमशास्त्र म्हणाले नसते तर लोभ मला कळला नसता, अशा आशयाचे त्याचे विवेचन आहे. म्हणजे आज्ञेचे काम मनुष्यास शुद्ध करणे हे नव्हे, तो किती अशुद्ध आहे हे त्याला दाखविणे हे आहे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो नियमशास्त्रास 'पैदागोगोस' म्हणतो. ग्रीक घरांतून मुलास शाळेत पोचविणाऱ्या व त्यावर नजर ठेवणाऱ्या दासास हे नाव होते. ल्यूथरने १५२९ साली दोन प्रश्नोत्तरशिकवण्या लिहिल्या व दोहोंचा आरंभ दहा आज्ञांनी केला. प्रत्येक निषेधास त्याने विधायक अर्थ दिला : हत्या न करणे म्हणजे शेजाऱ्याच्या देहास संकटात साहाय्य करणे, चोरी न करणे म्हणजे त्याच्या उपजीविकेचे रक्षण करणे. हा अर्थविस्तार सुंदर आहे. परंतु प्रत्येक स्पष्टीकरणाचा आरंभ ईश्वराचे भय आणि प्रीती यांनीच होतो. शेजारी त्यानंतर येतो. शेवटचा निष्कर्ष असा की आज्ञा पूर्णपणे पाळणे कोणासही शक्य नाही, म्हणून कृपेवाचून गती नाही.

लोभाची आज्ञा आम्हांस आणखी एका कारणासाठी महत्त्वाची वाटते. मानसिक अकुशलाचा निषेध पंचशिलात शोधणारे निराश होतात. त्याचे खरे प्रतिरूप दहा अकुशल कम्मपथांत आहे, जेथे 'अभिज्झा' म्हणजे दुसऱ्याचे आहे ते माझे व्हावे ही अभिलाषा मनाच्या तीन दुष्कर्मांत मोजली आहे. तुलना करायचीच तर दहाची दहाशी करावी. पण त्या आज्ञेतील यादीही वाचावी : शेजाऱ्याचे घर, त्याची पत्नी, त्याचा दास, त्याची दासी, बैल, गाढव. दास ही येथे लोभ न धरण्याजोगी दुसऱ्याची मालमत्ता आहे. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत गुलामांच्या मालकांचे पक्षपाती या यादीकडे बोट दाखवीत, तर गुलामगिरीचे विरोधक मनुष्यास पळवून विकणाऱ्यास देहान्त सांगणाऱ्या 'निर्गम'च्याच वचनाकडे. स्वतः गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ सालच्या आत्मकथेच्या पुरवणीत मालकांचा ख्रिस्ती धर्म आणि ख्रिस्ताचा धर्म यांत रेघ ओढली, ती या पार्श्वभूमीवर.

पापाच्या या शिकवणुकीचा भारतातील अस्पृश्यांवर काय परिणाम झाला, याचे परखड विवेचन बाबासाहेबांनी धर्मांतरित ख्रिस्ती लोकांच्या स्थितीवरील निबंधात केले आहे. तो त्यांच्या लेखन व भाषणांच्या शासकीय मालेत पाचव्या खंडात १९८९ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे म्हणणे असे की मनुष्याचा अधःपात त्याच्या पापामुळे होतो ही शिकवण समाजशास्त्राच्या विरुद्ध आहे, कारण अधःपाताचे कारण प्रतिकूल सामाजिक परिस्थितीत असते. ज्याने त्या परिस्थितीवर हल्ला करावयाचा, त्यास स्वतःच्या पापाकडे पाहत बसविले, तर त्याची लढण्याची प्रेरणाच मंदावते. महारवाड्यातील मनुष्य दुःखी आहे कारण तो आदामाचा वंशज आहे, असे सांगितले की गावाची सुटका होते. त्यानंतर ख्रिस्ती विचार स्थिर राहिला नाही, हेही खरे. बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली शूद्र ईश्वरविद्येची जी मांडणी केली तिच्यातून दलित ईश्वरविद्येचा प्रवाह निघाला. पोप जॉन पॉल दुसरे यांनीही १९८७ सालच्या परिपत्रकात पापाच्या सामाजिक रचनांची भाषा वापरली.

तथापि 'पवित्र' हा शब्द बाबासाहेबांनी टाकून दिलेला नाही, ही गोष्ट आपल्या अभ्यासकांच्या नजरेतून बहुधा सुटते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या चौथ्या खंडात धर्म आणि धम्म यांचा भेद सांगताना, धम्मात ईश्वराच्या जागी नीती आहे असे ते म्हणतात. आणि तेवढ्यावर न थांबता, नुसती नीती पुरेशी नाही, ती पवित्र आणि सार्वत्रिक असली पाहिजे, असे स्वतंत्र प्रकरण लिहितात. एखादी गोष्ट पवित्र होते म्हणजे तिचे उल्लंघन अशक्यप्राय ठरते. अशा संरक्षणाची गरज का? कारण जीवनकलहात बलवान टिकतो आणि दुर्बल चिरडला जातो. दुर्बलास आधार देणारी नीती बलवानाच्या सोयीवर सोडता येत नाही. आणि ती सार्वत्रिक का? कारण आपापल्या गटापुरती नीती चोरांच्या टोळीतही असते. 'लेवीय'च्या एकोणिसाव्या अध्यायातील मजुराची मजुरी या अर्थाने पवित्र आहे; पंचविसाव्या अध्यायातील परक्या दासाशी ती नीती संपते, म्हणून ती सार्वत्रिक नाही. धर्मात नीती ही गरजेप्रमाणे जोडलेल्या व सोडलेल्या डब्यासारखी असते, या बाबासाहेबांच्या टीकेस आम्ही येथे थोडी पुस्ती जोडू : त्या एका अध्यायात तरी डबा बराच घट्ट जोडलेला आहे.

शिलाचे स्वरूप मात्र वेगळे आहे, आणि ते त्याच्या व्याकरणातच दिसते. सीनाय पर्वतावरील वचन द्वितीय पुरुषात आहे. बोलणारा एक, ऐकणारा दुसरा. शीलग्रहणात 'समादियामि' हे क्रियापद प्रथम पुरुषी आहे, आणि जे ग्रहण करायचे त्याचे नाव 'सिक्खापद', शिकण्याची पायरी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांची रचनाही 'मी' अशीच आहे. हत्येच्या हिब्रू वचनातील क्रियापद सर्व प्राणहरणास लागू होत नाही. तेथे अन्याय्य मनुष्यवध अभिप्रेत आहे, म्हणून त्याच ग्रंथात युद्ध आणि देहान्त शिक्षा नांदतात. पाणातिपाताची व्याप्ती सर्व प्राणिमात्रांपर्यंत जाते, आणि अट्ठकथा त्याची पाच अंगे सांगतात : प्राणी असणे, तो प्राणी आहे याची जाणीव, मारण्याची चेतना, प्रयत्न आणि मृत्यू. अजाणता घडलेल्या वधाचा भेद मोशेच्या नियमशास्त्रासही ठाऊक आहे, त्यासाठी आश्रयाची नगरे नेमलेली आहेत; आमच्याकडे चेतना हा नियमाचा अपवाद नसून तोच कम्माचा गाभा आहे.

एवढा भेद असताना आपल्या बालसंस्कार वर्गांतून पंचशील कसे शिकविले जाते? मारू नका, चोरू नका, खोटे बोलू नका. मुलाने विचारले, का नको, तर उत्तर मिळते : बुद्धांनी सांगितले आहे म्हणून, पाप लागते म्हणून. म्हणजे सीनाय पर्वत आम्ही विहारात आणून ठेवला, फक्त त्यावरचा ईश्वर बदलला. संयुत्तनिकायातील वेळुद्वारेय्य सुत्तात याचे उत्तर तयार आहे. वेळुद्वार गावच्या गृहस्थांना भगवंत सांगतात की आर्यश्रावक असा विचार करतो : मला जगावेसे वाटते, मरणे नको वाटते, माझा प्राण कोणी घेतला तर ते मला प्रिय होणार नाही, मग जे मला अप्रिय ते दुसऱ्यालाही अप्रिय, ते मी त्याच्यावर कसे लादू? चोरी, परस्त्रीगमन, असत्य, चहाडी, कठोर वाणी, व्यर्थ बडबड, प्रत्येक ठिकाणी हाच विचार आहे. शिलाचे प्रमाण येथे वर नाही, समोर आहे. आमचे विहार, आमच्या संस्था, आमच्या निवडणुका यांतून एकमेकांचे केलेले अपराध आम्ही बुद्धरूपापुढे मेणबत्ती लावून आणि वंदना म्हणून निकालात काढतो, तेव्हा एक्कावन्नाव्या स्तोत्रापासून आम्ही फार दूर नसतो.

विनयपिटकातील चुल्लवग्गात सुधम्म नावाच्या भिक्खूची हकीकत आहे. मच्छिकासंड येथील चित्त गृहपतीने सारिपुत्त, मोग्गल्लान आदी थेरांना भोजनाचे निमंत्रण दिले, ते सुधम्मास न विचारता. त्याचा राग आला. त्याने भोजनाची तयारी पाहिली आणि म्हणाला, सर्व आहे, तेवढी तिळाची वडी नाही. अट्ठकथा सांगते की चित्ताच्या कुळात पूर्वी एक जण पक्वान्ने विकणारा होता, आणि त्याच्या जातीवरून त्यास हिणवण्यासाठी हे बोलणे होते. प्रकरण भगवंतांपर्यंत गेले. त्यांनी संघाकडून सुधम्मावर 'पटिसारणीय कम्म' करविले : जाऊन चित्त गृहपतीची क्षमा मागावी. सुधम्म मच्छिकासंडाला गेला, ओशाळला, क्षमा न मागताच सावत्थीला परतला. तेव्हा भगवंतांनी त्याच्यासोबत एक भिक्खू देण्यास सांगितले, आणि त्याला पुन्हा त्याच वाटेने पाठविले.